चेक इंजिनचा दिवा आणि कोड पी०१३५: इंदूरच्या अंगणातल्या नोंदी

गाडी: २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ९९८ सीसी, तीन सिलिंडर, बीएस चार. चाललेली ८६,४०० किलोमीटर. मॉडेलचं नाव देत नाही, कारण चार तारांचा ऑक्सिजन सेन्सर असलेल्या कुठल्याही गाडीत हेच होऊ शकतं. मी मेकॅनिक नाही, हिशेबनीस आहे. म्हणून खर्च पैशापैशाने लिहिला आहे.

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

सकाळी बाबांना रामबागेतून भंवरकुआंला सोडायचं होतं. गाडी चालू केली, डॅशबोर्डवरचे बाकी दिवे विझले, चेक इंजिनचा पिवळा मात्र तसाच. आवाज नाही, धूर नाही, ओढही नेहमीसारखी. दिवाळीत आम्ही बारा दिवस पुण्याला होतो आणि गाडी अंगणात कडुलिंबाखाली उभी होती. हे तेव्हाच आठवायला हवं होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

गॅरेज. स्कॅनर लावला आणि पाच मिनिटांत निकाल: "भिया, ऑक्सीजन सेंसर गया आपका." कोड पी०१३५. अस्सल सेन्सर मजुरीसकट ६,२०० रुपये, आणि फक्त बघायचे ५००. विचार करून सांगतो म्हटलं. मी कोड कागदावर उतरवत होतो तोवर पोराने तो पुसूनही टाकला. दिवा विझला, मी खूश.

खूश व्हायचं कारण नव्हतं. कोड नोंदवला जातो त्या क्षणाचं इंजिनचं तापमान, आरपीएम, वेग असं सगळं ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सोबत जपून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तीही जाते. कोणी स्कॅनर लावत असेल तर पुसू देण्याआधी त्या पानाचा फोटो काढा.

१० नोव्हेंबर, सोमवार

दिवा परत. कोड पुसल्यापासून दोन दिवस आणि चार फेऱ्या. हा बिघाड लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय ईसीयू दिवा लावत नाही. म्हणजे रविवारी दिवा बंद होता तेव्हाही दुखणं आत होतंच.

१२ ते १५ नोव्हेंबर

स्वतःचा ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीचे कोड फोनवर दाखवणारा छोटा स्कॅनर, घ्यायचं ठरवलं. पहिला ६५० चा, निळा, पारदर्शक. फोनला जोडला गेला, गाडीला नाही. तीन संध्याकाळी वेगवेगळ्या सेटिंग करून बघण्यात गेल्या. शेवटी दुकानदारच म्हणाला की या स्वस्त नकलांमध्ये जुन्या गाड्यांचे काही प्रोटोकॉल नुसते नावालाच असतात. परत घेतला नाही. दुसरा १,४०० चा, तो पहिल्याच झटक्यात बोलायला लागला.

फ्रीझ फ्रेम: कूलंट ३१ अंश, आरपीएम १,२४०, वेग शून्य. म्हणजे गाडी थंड असताना, सुरू केल्याबरोबर.

बाबांना हे समजावून सांगावं लागलं. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते स्वतः स्क्रू फिरवून मिश्रण बसवायचे, त्यामुळे त्यांना सेन्सर या प्रकाराचा राग आहे. एक्झॉस्टमध्ये किती ऑक्सिजन उरलाय ते हा सेन्सर सांगतो. जास्त उरला तर पेट्रोल कमी पडतंय आणि व्होल्टेज ०.१ च्या आसपास. कमी उरला तर पेट्रोल जास्त आणि व्होल्टेज ०.८-०.९. पण साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय तो बोलतच नाही, म्हणून आत एक छोटा हीटर दिलेला असतो. पी०१३५ म्हणजे कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधीच्या सेन्सरचं हीटर सर्किट.

"सर्किट म्हणतोय ना? मग सेन्सर कशाला बदलायचा?" बाबा म्हणाले.

मी त्यांना म्हटलं, हीटर सेन्सरच्या आतच असतो. हे खरं आहे. पण हीटरपर्यंत जाणारी तार, फ्यूज, कपलर (तारा जोडणारा प्लग) हे सगळंसुद्धा सर्किटच, आणि नेमकं तेच मी बोललो नाही. त्याच दुपारी छोटी ग्वालटोलीत जाऊन कपलरसकट डुप्लिकेट सेन्सर आणला, १,३५० रुपये.

१६ नोव्हेंबर, रविवार

पूर्ण दिवस वाया. सेन्सर अकरा वर्षं आट्यांत भाजून बसलेला. २२ चा साधा पाना लावला, जोर केला, पाना निसटला, षटकोनाचा एक कोपरा गोल झाला आणि माझी बोटं हीट शील्डवर आपटली. रक्त, डेटॉल, आईचं भाषण.

दुपारी २२ ची सेन्सरसाठीची गोटी (सॉकेट) आणली, बाजूला तारेसाठी फट असलेली. ४८० रुपये. गंज सोडवायचा स्प्रे २८०. स्प्रे मारून अर्धा तास थांबलो, काही हललं नाही. मग इंजिन पाच मिनिटं चालवून एक्झॉस्ट कोमट केला, तापवून लाल केला नाही, आणि लांब दांडीने हळूहळू जोर दिला. चर्र असा आवाज करत सुटला. कोमट धातू थोडा पसरतो, त्याचा फायदा होतो. हातमोजे मात्र घाला.

नवा सेन्सर बसवला, कोड पुसला. संध्याकाळी पाच वाजता हात धुतले. सकाळी आठला सुरुवात केली होती.

जुना मी कचऱ्यात टाकायला निघालो होतो. बाबांनी तो काढून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, खिळ्यांबरोबर ठेवला. आमच्या घरात त्या डब्यातून काहीच बाहेर जात नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दिवा परत. पी०१३५. तोच.

२० नोव्हेंबर

फ्यूज पाहिला, चांगला. इथे डोकं चालवलं असतं तर तीन दिवस वाचले असते. माझ्या गाडीत दोन सेन्सर आहेत, एक कॅटच्या आधी, एक नंतर, आणि दोघांच्या हीटरला एकाच फ्यूजवरून वीज जाते. मागच्या हीटरचा कोड पी०१४१ असतो. तो आलेला नाही. म्हणजे फ्यूज बरा, रिले बरा, आणि तारेला जिथे दोन फाटे फुटतात तिथपर्यंतही सगळं बरं. दुखणं फाट्यापासून पुढच्या सेन्सरच्या कपलरपर्यंतच्या तारेत, नाहीतर ईसीयूकडे परत जाणाऱ्या तारेत. हे मला शनिवारी रात्री झोप लागेना तेव्हा सुचलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सगळ्यात कामाचा दिवस, म्हणून सविस्तर लिहितो.

पुढच्या सेन्सरचा कपलर सोडला. सेन्सरच्या बाजूला चार पिना. एकाच रंगाच्या दोन तारा हीटरच्या. त्या दोन पिनांत मल्टिमीटरने रोध मोजला: नव्या डुप्लिकेटचा ५.८ ओहम. मग श्रीखंडाच्या डब्यातला जुना काढून मोजला: १२.६ ओहम. तुटलेला हीटर अनंत दाखवतो. म्हणजे जुन्याचा हीटर धडधाकट होता. आणि हे मोजायला सेन्सर आट्यांतून काढावाच लागत नाही, कपलर सोडला की दोन मिनिटांचं काम. मी आधी सेन्सर बदलला आणि नंतर मोजलं. या क्रमाची किंमत एक रविवार आणि एक सोललेलं बोट.

आता गाडीच्या बाजूचा कपलर. चावी ऑन, इंजिन बंद. हीटरच्या पुरवठ्याची पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह: १२.३ व्होल्ट. मी खट्टू झालो, कारण वीज तर येतेय. अर्धा तास ईसीयूलाच दोष देत बसलो.

मग आठवलं, आमच्याकडे नळाला सकाळी थेंबथेंब पाणी असतं, तेव्हा बादली भरत नाही पण ओल्या बोटाला पाणी आहे असंच वाटतं. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. एका केसाएवढ्या तारेतूनही त्याला बारा व्होल्ट दिसतात. हीटरला मात्र एक ते दोन अँपिअर लागतात.

ड्रॉवरमध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा जादा बल्ब होता. त्याला दोन तारा लावून एक टोक त्या पिनेला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. पेटायला हवा तसा झगझगीत पेटला नाही, आतली तार फक्त लालसर झाली. बल्ब लावलेला असतानाच मीटर लावला: १२.३ वरून ३.९.

(बल्ब फक्त पुरवठ्याच्या पिनेवर लावायचा. सिग्नलच्या किंवा ईसीयूकडे जाणाऱ्या तारांवर लावला तर ईसीयू जळू शकतो.)

मग कपलरपासून तार मागे मागे चाचपत गेलो. वरून काळी नालीदार स्लीव्ह एकदम ठीक. हवेच्या फिल्टरचा डबा काढला आणि त्याखाली आरसा धरला. स्लीव्हची खालची बाजू कुरतडलेली. आत कडुलिंबाच्या वाळक्या काड्या, वर्तमानपत्राचे तुकडे, आणि खरं सांगायचं तर शेवेचे काही दाणे. दिवाळीच्या फराळाचा डबा पुण्याला न्यायचा म्हणून मागच्या सीटवर ठेवला होता आणि तिथेच राहिला होता. बारा दिवस.

चार तारांपैकी तिघींना नुसते दात लागलेले, तांबं दिसत नव्हतं. हीटरच्या पुरवठ्याची तार मात्र जवळजवळ तुटलेली, तांब्याचे दोन-तीन धागे एकमेकांना टेकून होते. इंजिन हललं की कधी टेकत, कधी सुटत. म्हणून गॅरेजमध्ये पोराने कोड पुसला तेव्हा दिवा लगेच परत आला नव्हता.

बाबा बाहेर आले, आरशात बघितलं आणि म्हणाले, "सेन्सर उंदराचा लावायला हवा होता."

२४ नोव्हेंबर

ऑफिसमधून लवकर आलो. कुरतडलेला तुकडा कापला, एक चौरस मिलिमीटरची तार मध्ये घातली, दोन्ही बाजूंना क्रिम्प आणि त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह. बाकीच्या तिघींना कापडी टेप, वर नवी नालीदार स्लीव्ह. सगळं मिळून १६० रुपये.

सोल्डर का नाही? इथे गाडीच्या बाजूची तार होती, चाललं असतं, पण सोल्डर केलेली जागा कडक होते आणि इंजिनच्या थरथरीने त्याच्या काठावर तार मोडते. सेन्सरच्या बाजूच्या तारांना तर सोल्डर कधीच लावू नये. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारांच्या धाग्यांमधूनच आत जाते. त्याच कारणाने कपलरमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा ग्रीस भसाभसा मारू नये.

बल्ब आता डोळे दिपवतो. भाराखाली १२.० व्होल्ट.

२६ नोव्हेंबर

कोड नाही. इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण डोंगल हातात होता. इंजिन गरम, २,५०० आरपीएम धरून पुढच्या सेन्सरचा आलेख लावला. (अ‍ॅपमध्ये एकच आलेख ठेवा. चार लावले की प्रत्येकाचे नमुने कमी येतात आणि चांगला सेन्सरही सुस्त दिसतो.) डुप्लिकेट ०.२ आणि ०.६ च्या मध्ये डुलत होता, दहा सेकंदांत तीनदा-चारदा. तो जिवंत होता, पण दुपारच्या जेवणानंतरच्या कारकुनासारखा. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ठरलेल्या मापापेक्षा ईसीयू सतत किती जास्त किंवा कमी पेट्रोल घालतोय तो आकडा, अधिक १२ टक्के.

२९ नोव्हेंबर, शनिवार

जुना सेन्सर परत बसवला. गोटी असल्यामुळे वीस मिनिटांत. गोल झालेला कोपरा आड आला नाही. आलेख लगेच सुधारला: ०.१ ते ०.८, दहा सेकंदांत आठ-नऊ वेळा ०.४५ ची रेघ ओलांडतो. अकरा वर्षांचा जुना, नव्यापेक्षा चपळ.

तरी ट्रिम उतरायच्या ऐवजी चढली. संध्याकाळपर्यंत अधिक १९. आणि थंड इंजिनला टिक-टिक-टिक असा बारीक आवाज, गरम झालं की बंद.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी गाडी थंड असताना साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरलं. आईने इंजिन चालू केलं आणि मी सेन्सरच्या बुडाशी फवारलं. फेस. सेन्सरच्या वायसरमधून एक्झॉस्ट गळत होता.

चूक पूर्णपणे माझी. सेन्सरचा वायसर पहिल्यांदा आवळताना चेपून बसतो. तोच चेपलेला वायसर मी तसाच परत आवळला, तोही खालच्या बैठकीवरचा काळा कार्बन न खरवडता. गळतीतून एक्झॉस्ट बाहेर जातो हे ठीक, पण दोन ठोक्यांच्या मधे बाहेरची हवा आतही खेचली जाते. सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो ओतत राहतो. कोड अजून आलेला नव्हता. ट्रिम आणखी चढली असती तर पी०१७१ (पेट्रोल कमी पडत असल्याचा कोड) आला असता आणि मी बहुतेक इंजेक्टर साफ करायला निघालो असतो.

धातू गरम झाला की फट मिटते, म्हणून आवाज फक्त थंडीत. ही तपासणी इंजिन तापायच्या आतच करा, नाहीतर साबण वाळतो आणि हात भाजतो.

२ डिसेंबर

१८ मिलिमीटरचा वायसर ३० रुपये. जुना पक्कडीने काढला, बैठक तारेच्या ब्रशने साफ केली, आट्यांना अगदी थोडं अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट). टोकाला त्याचा डागही लागू द्यायचा नाही, सेन्सर खराब होतो. सिलिकॉनची पेस्ट लावून गळती बंद करायचा सल्ला एका ओळखीच्याने दिला होता. लावली नाही, सिलिकॉनच्या वाफेनेही सेन्सर मरतो. सुमारे ४५ न्यूटन मीटरला आवळला.

फेस नाही, टिक-टिक नाही.

६ डिसेंबर, शनिवार

महूला जाऊन आलो. राजवाड्याजवळच्या गर्दीत मुद्दाम पंधरा मिनिटं रखडलो, मग ए. बी. रोडने राऊवरून पुढे एका वेगात. ट्रिम अधिक ६ ते ८ वर येऊन स्थिरावली.

ती शून्य का नाही? दोन दिवस शोधत होतो, आता सोडून दिलं. माझ्या मते हे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच्या आसपास. मिश्रणाला त्याच हवेत जास्त इंधन घालावं लागतं, आणि २०१४ च्या ईसीयूच्या पाठ केलेल्या आकड्यांत हे मिश्रण नाही. सेन्सर ते ओळखतो आणि ट्रिमने भरून काढतो. अधिक सात पाहून पुन्हा पाने काढू नका.

परत येताना पीयूसी केलं, मुदत संपतच आली होती. बीएस चारच्या पेट्रोल गाडीला हाय आयडलवर (गाडी उभी, आरपीएम चढवलेले) लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो; लॅम्डा १ म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण अगदी बरोबर. पावतीवर १.०१. सेन्सरशी काही देणंघेणं नसलेल्या यंत्राने दिलेली साक्ष म्हणून ही पावती जपून ठेवली आहे.

१४ डिसेंबर, रविवार

आठ दिवस, रोज सकाळी थंडीत गाडी सुरू, कोड नाही.

हिशेब. गॅरेज ५००, पहिला डोंगल ६५०, दुसरा १,४००, डुप्लिकेट सेन्सर १,३५०, गोटी ४८०, स्प्रे २८०, तार-क्रिम्प-स्लीव्ह-टेप १६०, वायसर ३०. एकूण ४,८५०. त्यातले खरोखर लागले असते ते डोंगलचे १,४०० आणि तारेचे १६०. उरलेले ३,२९० रुपये मीटर लावायच्या आधी पाना उचलल्याचे. डुप्लिकेट सेन्सर आता श्रीखंडाच्या डब्यात आहे.

उंदरासाठी बोनेटमध्ये डांबरगोळ्या ठेवून पाहिल्या. एसीच्या हवेबरोबर वास आत आला, आईचं डोकं दुखलं, त्याच दिवशी काढल्या. फिल्टरच्या डब्याखाली बारीक लोखंडी जाळी लावायचं ठरलंय, माप घेऊन ठेवलंय.

आज सकाळी बोनेट उघडलं तेव्हा बॅटरीच्या ट्रेवर दोन ताज्या लेंड्या होत्या. जाळी आजच लावतो. सियागंजचा बाजार रविवारी बंद, म्हणून घराच्या खिडकीची कापून लावणार आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.